हायब्रिड गाडीची बचत आपल्या पायात



गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या हिंगोली जिल्ह्यातही हायब्रिड गाड्या दिसू लागल्या आहेत. हिंगोलीच्या कापड बाजारात, वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात किंवा कळमनुरीला एखाद्या लग्नाच्या मांडवाबाहेर पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी गाडी उभी असते. चार माणसे तिच्याभोवती जमतात आणि एकच प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" एक मालक छाती फुगवून सत्तावीस सांगतो, दुसरा तोंड वाकडे करून पंधरा सांगतो. गाडी तीच, रस्ता तोच, पंपही तोच. मग हा फरक कुठला? पहिला बहुधा कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगत असतो आणि दुसरा आपल्या सवयींचा.

आमचा धंदा कापडाचा आहे, मोटारींचा नाही. तरीही या विषयावर लिहीत आहोत, याचे कारण असे की दोन वर्षांपासून आमच्या घरी अशी गाडी आहे आणि तिच्या पेट्रोलची वही आम्ही दुकानाच्या वहीसारखी ठेवली आहे. या वहीने आमचे पैसे वाचवले, हे एक. दुसरे म्हणजे तिने आम्हाला एका गरीब माणसासमोर मान खाली घालायला लावली. ती गोष्ट पुढे येईलच. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते हे खरे, पण ती बचत शोरूममध्ये गाडीच्या चावीबरोबर मिळत नाही. ती रोज रस्त्यावर कमवावी लागते. ज्याची ती कमवण्याची तयारी नाही, त्याने जास्तीचे पैसे मोजून ही गाडी घेऊ नये.

गाडी कमावते कोठे?

साध्या गाडीत आपण पेट्रोल जाळून वेग घेतो आणि पुढे म्हैस आडवी आली की ब्रेक दाबतो. तो वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जातो. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर प्रत्येक ब्रेक म्हणजे बुडीत उधारी आहे. माल गेला, पैसा आला नाही. हायब्रिड गाडीत चाकांना जोडलेली विजेची मोटार असते. आपण रेसवरून पाय काढला किंवा हळू ब्रेक दाबला की हीच मोटार उलट्या कामाला लागते, जनित्रासारखी वीज तयार करते आणि ती बॅटरीत जमा करते. म्हणजे बुडीत उधारीतले काही वसूल होते. सगळे नाही, काही. ज्याला उधारी वसूल करण्याचा अनुभव आहे, त्याला या 'काही'ची किंमत सांगायला नको.

दुसरी कमाई थांबण्यात आहे. चौकात गाडी उभी राहिली की इंजिन बंद होते, आणि निघताना पहिले काही अंतर ती विजेवर जाते. तिसरी कमाई इंजिनाच्या घडणीत आहे. या गाड्यांत ॲटकिन्सन पद्धतीचे इंजिन असते. ते कमी पेट्रोलमध्ये काम करते, पण त्याला सुरुवातीचा जोर कमी असतो. ती उणीव मोटार भरून काढते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की या गाडीत मोठी बॅटरी आहे आणि ती चार्जिंगला लावायची असते. तसे नाही. ग्रँड विटारा आणि हायरायडर या गाड्यांच्या हायब्रिड मॉडेलमध्ये बॅटरी ०.७६ युनिटची आहे, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचे एक युनिटही पुरे नाही. ती तिजोरी नव्हे, दुकानाचा गल्ला आहे. गल्ल्यात पैसे येतात, थोड्या वेळाने सुटे म्हणून बाहेर जातात, पुन्हा येतात. ही ये-जा जितकी सुरळीत, तितका धंदा बरा.

म्हणूनच ही गाडी थांबत-निघत चालणाऱ्या शहरात जास्त कमावते आणि हायवेवर कमी. पहिल्यांदा हे आमच्या गळी उतरले नव्हते. माल पसंत करायला आम्ही हैदराबादला पत्थरगट्टीच्या बाजारात जातो. एका फेरीत शहराच्या त्या गर्दीत गाडीच्या पडद्यावरचा आकडा नांदेड-देगलूरच्या मोकळ्या रस्त्यापेक्षा वर गेला, तेव्हा आम्हाला पडदा बिघडला असे वाटले. पडदा ठीक होता, आमची समजूत जुनी होती. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच लागत नाही, मग वसुली कशाची होणार? वर आपण शंभरने पळवतो. ऐंशीच्या ऐवजी शंभरने गेले की हवेचा अडथळा जवळजवळ दीडपट होतो आणि तो पेट्रोलच भरून देते.

खरेदी करणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रिड' असे लिहिलेले असते. तो सौम्य प्रकार आहे. त्यात छोटी मोटार इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. या लेखात आम्ही बोलत आहोत ते पूर्ण म्हणजे स्ट्राँग हायब्रिडबद्दल. जपानमध्ये टोयोटाची प्रियस डिसेंबर १९९७ मध्ये आली. आपल्या देशात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड, २०१० मध्ये प्रियस आणि २०१३ मध्ये बिडदीला जोडलेली कॅमरी हायब्रिड आली, पण त्या धनिकांच्या गाड्या होत्या. २०२२ मध्ये हायरायडर, ग्रँड विटारा, होंडा सिटी आणि इनोव्हा हायक्रॉस आल्या, तेव्हा हा प्रकार मध्यम व्यापाऱ्याच्या आवाक्याजवळ आला. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्याचा सामंजस्य करार महाराष्ट्र सरकारशी केला. म्हणजे उद्या हा विषय मराठवाड्याच्या दारातच येणार आहे.

बदगुमानीचा धडा

आता आमची गोष्ट. गाडी घेतली तेव्हा कागदावर लिटरला २७.९७ किलोमीटर असे लिहिलेले होते. हा आकडा खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरलेल्या चालीने आणि एसी बंद ठेवून काढलेला असतो. आमच्या जवाहर रोडवर हातगाडे, ऑटो, शाळेची मुले आणि मे महिन्याचे ऊन असते, रोलर नसतो. सत्तावीस मिळणार नाही हे आम्ही धरून चाललो होतो, पण वीस तरी मिळावेत. मिळाले पंधरा-सोळा.

आमच्याकडे मोहल्ल्यातलाच एक तरुण ड्रायव्हर आहे. घरात आई, दोन लहान भावंडे. धंद्यातल्या माणसाला ॲव्हरेज कमी दिसले की त्याचे डोळे पहिल्यांदा ड्रायव्हरकडे वळतात. पेट्रोल कुठेतरी काढले जात असणार, असे बाजारातल्या दोघा-चौघांनी सुचवले आणि आम्हीही तसे बोलून गेलो. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी चावी आमच्यासमोर ठेवून म्हणाला, "चाचा, पंधरा दिवस गाडी तुम्हीच चालवा."

आम्ही तेच केले. टाकी नोझल पहिल्यांदा तुटेपर्यंत फुल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी त्याच पंपावर तशीच फुल करायची आणि भागाकार करायचा. दोनशे-पाचशेचे पेट्रोल टाकून ॲव्हरेज निघत नाही. पंधरा दिवसांनी वहीत आकडा आला चौदा. म्हणजे ज्याच्यावर आम्ही शंका घेतली तो सोळा काढत होता आणि चोरी पकडायला निघालेले आम्ही चौदा. आम्ही त्याची माफी मागितली. बदगुमानी हा गुनाह आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण गाडीच्या ॲव्हरेजमध्येही तो घडतो हे आम्हाला त्या दिवशी कळले. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पगारी ड्रायव्हर आहे, त्यांना आमची विनंती आहे की माणसावर बोट ठेवण्यापूर्वी एक वही घ्यावी.

त्यानंतर आम्ही आणि तो, दोघे मिळून गाडीचे पुस्तक वाचायला बसलो. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले आणि पुस्तक इंग्रजीत, तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला सोबत घेतले. चार महिन्यांत आकडा विसाच्या आसपास स्थिरावला. गाडीत एक रुपयाचाही पार्ट बदलला नाही.

काय बदलले?

पहिली गोष्ट निघण्याची. आपली निम्मी पिढी डिझेल जीप चालवून शिकली. सिग्नल सुटला की रेस दाबायची आणि पन्नास पावलांवर ब्रेक मारायचा, ही ती शिकवण. हायब्रिडमध्ये जोरात दाबले की इंजिन लगेच जागे होते. गाडीच्या पडद्यावर चार्ज, इको आणि पॉवर असे तीन भाग असतात. काटा इकोत ठेवून निघावे. पण फार घाबरून गोगलगायीसारखेही जाऊ नये. बऱ्यापैकी दाबून चाळीसचा वेग घ्यावा, मग पाय किंचित सैल करावा. इंजिन थांबते आणि गाडी विजेवर तरंगल्यासारखी जाते. पुन्हा वेग उतरला की पुन्हा थोडा दाब. या लयीत गल्ल्याची ये-जा नीट चालते.

दुसरी गोष्ट थांबण्याची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. ब्रेक लवकर आणि हळू लावावा. नांदेड नाक्याकडून इंदिरा गांधी चौकाकडे येताना पुढे गर्दी लांबूनच दिसते. तेथूनच रेसवरून पाय काढला तर मोटारीला वसुलीसाठी वेळ मिळतो. शेवटच्या क्षणी जोरात दाबले तर ब्रेकचे पॅड घासतात आणि सगळे उष्णतेत जाते. ज्या कर्जदाराला सहा महिने मुदत देऊन थोडे थोडे मागितले तो देतो, आणि एकदम गळा धरला की तो हात वर करतो. ब्रेकचेही तसेच आहे. आपल्या गावात रिसाला बाजार आहे. रिसाला म्हणजे घोडदळ. निजामाच्या काळातील छावणीची ही नावे आजही गावात आहेत. एका हाताने लगाम ओढायचा आणि दुसऱ्या क्षणी टाच मारायची, असे करणाऱ्या स्वाराचे घोडे मुक्कामाआधीच थकत असणार. आपण गाडीशी रोज तेच करतो.

तिसरी गोष्ट न्यूट्रलची. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडून देणे ही आपल्याकडची जुनी कंजुषी. साध्या गाडीतही ती धोक्याचीच आहे, आणि हायब्रिडमध्ये तर उलटी पडते. न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्जच होत नाही. उतारावर जी फुकटची कमाई व्हायची ती आपण स्वतःच बंद करतो. गाडी 'डी'मध्येच ठेवावी. लांब घाटाच्या उतारावर 'बी' वापरावे. चौकात थांबतानाही न्यूट्रल करू नये.

चौथी गोष्ट ईव्हीच्या बटणाची. हे बटण दाबले की गाडी केवळ विजेवर चालते, म्हणून काही जण ते सारखे दाबत असतात. बॅटरी रिकामी झाली की इंजिनाला पेट्रोल जाळून ती भरावी लागते. या खिशातले त्या खिशात, आणि मध्ये दलाली. हे बटण पहाटे गल्लीतून आवाज न करता बाहेर पडण्यासाठी ठीक आहे. एरवी गाडीला तिचे ठरवू द्यावे.

पाचवी गोष्ट एसीची. आपल्या मराठवाड्याच्या उन्हात एसी लावू नका असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. पण गाडी दुकानासमोर उभी करून, एसी चालू ठेवून अर्धा तास ग्राहकाशी बोलत राहणे आपल्याला टाळता येते. या गाड्यांचा एसी बॅटरीच्या विजेवर चालतो. उभ्या गाडीत बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होते आणि मालकाला वाटते गाडी उभी आहे, पेट्रोल जळत नाही. उन्हात तापलेल्या गाडीचे दरवाजे आधी मिनिटभर उघडे ठेवावेत, मग एसी लावावा. अठराच्या ऐवजी पंचवीसवर ठेवावा, आतली हवा आत फिरवावी आणि शक्यतो सावलीत गाडी लावावी.

सहावी गोष्ट छोट्या फेऱ्यांची. थंड इंजिन सुरू झाले की गरम होईपर्यंत ते चालूच राहते, मग बॅटरी भरलेली असो वा नसो. पेन्शनपुऱ्यातून बाजारात, बाजारातून घरी, घरून पुन्हा बँकेत, अशा एक-एक किलोमीटरच्या पाच फेऱ्या केल्या तर हायब्रिडचा फायदा बराचसा तेथेच संपतो. पाच कामे एका फेरीत करावीत. आणि बंधूंनो, मशीद चारशे पावलांवर असताना गाडी काढायची गरज काय? पायी गेल्याचा सवाबही आहे आणि डॉक्टरही खूश.

सातवी गोष्ट हवेची. टायरमधली हवा कमी असली की गाडी ओढायला जड होते. दर आठवड्याला, टायर थंड असताना हवा पाहावी. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेले असते. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये.

आठवी गोष्ट खास आम्हा कापडवाल्यांसाठी. लग्नसराईत आम्ही मागच्या सीटपर्यंत गठ्ठे भरत असू. वजनाने पेट्रोल जाते ते वेगळेच. पण हायब्रिडच्या बॅटरीला थंड ठेवण्यासाठी आत हवा घेणारी एक जाळी असते, बहुतेक गाड्यांत मागच्या किंवा पुढच्या सीटजवळ. गठ्ठ्याने ती झाकली, किंवा कापडाचा तंतू आणि कापसाची धूळ तिच्यात बसली, तर बॅटरी तापते. तापलेली बॅटरी ना नीट वीज घेते ना देते, आणि तिचे आयुष्यही घटते. आपल्या गाडीत जाळी कोठे आहे ते पुस्तकात पाहावे, ती मोकळी ठेवावी आणि साफ करून घ्यावी. रुई, कापूस, शिवणकाम आणि गादीकाम करणाऱ्या बांधवांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. २०२५ पासून आपल्याला पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये थोडी घट येणारच. ती धरून चालावे. तिच्यासाठी गाडी किंवा ड्रायव्हरला दोष देऊ नये.

अडीच लाखांचा प्रश्न

आता नफा-तोटा पाहू. सारख्याच सोयींची साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी आणि हायब्रिड यांच्या किमतीत ढोबळमानाने अडीच लाखांचा फरक धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी चालते, बहुतेक शहरात आणि जवळपास. साधी गाडी शहरात १२ देते, तिला १,००० लिटर लागतील. हायब्रिड नीट चालवून २० देते, तिला ६०० लिटर. बचत ४०० लिटर, म्हणजे वर्षाला ४२,००० रुपये. अडीच लाख सुमारे सहा वर्षांत वसूल.

हीच गाडी जीपच्या सवयीने चालवली आणि १६ मिळाले, तर ७५० लिटर लागतील. बचत २५० लिटर, म्हणजे २६,२५० रुपये. आता अडीच लाख वसूल व्हायला साडेनऊ वर्षे हवीत. या गाड्यांच्या हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी पूर्ण होईल तोवर असते. म्हणजे पाय नीट असेल तर भांडवल वॉरंटीच्या आत परत येते, आणि पाय जड असेल तर वॉरंटी संपल्यावरही येणे बाकीच असते. फरक गाडीचा नाही, पायाचा आहे. आणि ज्याची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरच चालते, त्याला उत्तम चालवूनही बारा वर्षे लागतील. त्याने हायब्रिडच्या नादी लागू नये. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणे हा धंदा नव्हे.

कर्जाने घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा पाहावा. फरकाचे अडीच लाख समजा नऊ टक्के व्याजाने उचलले, तर पहिल्या वर्षाचे व्याज साधारण २२,५०० रुपये होते. ४२,००० वाचवणाऱ्याची निम्म्याहून अधिक बचत त्यात जाईल आणि २६,००० वाचवणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच राहणार नाही. व्याजाचा मसला उलेमांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. पण निव्वळ व्यापारी म्हणून पाहिले तरी, पेट्रोल वाचवण्यासाठी व्याज भरणे म्हणजे रफू करायला नवे थान फाडण्यासारखे आहे. आमच्या ओळखीच्या एकाने याच पैशांत जुनी गाडी दुरुस्त करून घेतली, टायर बदलले आणि वरच्याच सवयी तिला लावल्या. लवकर ब्रेक, हलकी रेस, टायरमध्ये पुरेशी हवा आणि कमी फेऱ्या यांचा फायदा साध्या गाडीलाही होतो. त्याला तो झाला.

सरकारबद्दलही बोलले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची नवी रचना आली. लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, पूर्ण विजेच्या गाड्यांवर तो ५ टक्के आहे, पण चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर तो ४३ वरून केवळ ४० वर आला. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड गाड्यांचा नोंदणी कर माफ केला होता. गर्दीच्या शहरात तेल वाचवणाऱ्या गाडीवर चाळीस टक्के कर असावा हे आम्हाला पटत नाही. ज्या दिवशी हा कर उतरेल, त्या दिवशी वरचा हिशोब पुन्हा मांडावा.

कारागीर बांधवांसाठी

आपल्या समाजातले कितीतरी तरुण मोटार गॅरेज, वायरिंग, बॅटरी आणि एसीच्या कामात आहेत. हिंगोलीत, वसमतला, औंढ्याला त्यांचे हात प्रसिद्ध आहेत. या गाड्या वाढल्या आणि आपण काम शिकलो नाही, तर हे काम कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये जाईल आणि आपल्याकडे पंक्चर आणि डेंटिंग उरेल. म्हणून आताच शिकावे. आयटीआयमध्ये, कंपनीच्या प्रशिक्षणात, जेथे मिळेल तेथे. मात्र एक इशारा. हायब्रिडमधली नारिंगी रंगाची जाड केबल दिसली की तिला रीतसर शिकल्याशिवाय हात लावू नये. तिच्यात घरच्या विजेइतका किंवा त्याहून जास्त दाब असतो. 'बघू तरी' म्हणून खोललेले झाकण घरच्या कर्त्या माणसाचा जीव घेऊ शकते. जाळी साफ करणे, हवा, टायर, ब्रेक, एसीचा फिल्टर ही कामे आजही आपली आहेत. जो मिस्त्री ग्राहकाला ती समजावून सांगेल, त्याच्याकडे ग्राहक परत येईल.

वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण मदरशात ऐकली आहे. नदी काही आपल्या लोट्याने आटत नाही, पण सवय बिघडते. इस्राफ पाण्याचा असो वा पेट्रोलचा, तो इस्राफच. आपल्या देशाला लागणारे बहुतेक कच्चे तेल बाहेरून येते आणि त्याचा धूर आपलीच मुले शाळेच्या वाटेवर घेतात. तेव्हा ही केवळ आपल्या खिशाची गोष्ट राहत नाही.

आमची विनंती एवढीच की गाडी कोणतीही असो, येत्या पहिल्या तारखेपासून एक वही करावी. तारीख, किलोमीटर, लिटर आणि कोणी चालवली, असे चार रकाने पुरेत. तीन महिन्यांनी ती वही घरच्या सर्वांसमोर वाचावी. आमच्याकडे आता ड्रायव्हर आणि आम्ही दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहितो. गेल्या महिन्यात तो एकवीसवर गेला, आम्ही अजून एकोणीसवर आहोत. तो हसतो, आम्ही ऐकून घेतो.

अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.